दरवडे आडनावाची दोन घरं

शहापूर-मुरबाडकडे बाहेरची माणसं जातात ती माहुली नाहीतर गोरखगड चढायला, किंवा माळशेज घाटात भिजायला. मी गेले ती लेकीचं लग्न जमतंय का ते बघायला. अडचण मुलात नव्हती, पत्रिकेत नव्हती, घरदारातही नव्हती. अडचण एवढीच होती की मुलाचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच होतं. दरवडे.

मिरजेत या आडनावाचं आमचं एकच घर. मी शाळेत शिकवत होते तेव्हा नव्या वर्गातली पोरं माझ्या पाठीमागे मला ‘दरोडेबाई’ म्हणायची. त्यांचंही चुकत नव्हतं, जुन्या मराठीत दरवडा म्हणजे दरोडाच. माझे सासरे मात्र ठासून सांगायचे की आपण दऱ्यात राहणारे, म्हणून दरवडे. खरं काय ते त्यांनाही माहीत नसावं. त्यांच्या वडिलांनी ऐन तारुण्यात मुरबाड तालुक्यातलं गाव सोडलं, ते रेल्वेच्या कामावर लागले आणि बदल्या होत होत मिरजेला येऊन थांबले. त्यानंतर आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलं नाही.

माझी स्नेहल पुण्यात नोकरीला आहे. तिच्या ऑफिसात निखिल दरवडे हा शहापूरजवळच्या शेणव्याचा मुलगा आला आणि आडनावावरूनच दोघांची ओळख झाली. पुढे ती कुठवर गेली हे मला कळलं तेव्हा मी आधी दचकले आणि मग मुलाला भेटून निवांत झाले. पण निखिलचे आजोबा, काळूराम दरवडे, एका वाक्यात नकार देऊन मोकळे झाले होते. आडनाव एक, देवी एक, देवक एक; म्हणजे पोरं भाऊबहीण झाली. देवक म्हणजे कुळाचं झाड किंवा पान, लग्नाआधी मांडवात पुजतात ते. ज्यांचं देवक एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे लोक त्यावर वाट काढतात. काळूराम आजोबा वाट काढणाऱ्यातले नव्हते. निखिलचे वडील तो लहान असतानाच गेले, या आजोबांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे त्यांना डावलून काही करायची त्याची तयारी नव्हती.

मग पोरांनी त्यांच्या परीने उपाय शोधला. बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जाणारं एक गुणसूत्र असतं. एका मूळपुरुषाचा वंश असेल, तर त्यातल्या सगळ्या पुरुषांत त्याची खूण सापडते. निखिलने आणि माझ्या मुलाने, ओंकारने, आपापल्या लाळेचे नमुने तपासायला पाठवले. खूण जुळली नाही. थोडीथोडकी नाही, अजिबातच जुळली नाही. दोघांचे बापाकडचे पूर्वज हजारो वर्षं वेगळे होते. स्नेहलने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि हसत होती. म्हणाली, “आई, आम्ही कुणीच नाही एकमेकांचे.”

ही बातमी घेऊन मी निघाले.

शेणवा

आसनगाव स्टेशनवर निखिल गाडी घेऊन आला होता. स्नेहल आदल्या दिवशीच शहापुरात मैत्रिणीकडे येऊन राहिली होती, तिला वाटेत घेतलं. मार्गशीर्ष लागला होता. भात कापून झालेली खाचरं उघडी पडली होती, खळ्यांवर मळणी चालली होती आणि रस्त्याच्या कडेने पेंढ्याच्या उंच उडव्या रचलेल्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत उसाचा वास असतो, इथे पेंढ्याचा. 

घर नवं, स्लॅबचं, पण पुढची ओटी जुनीच ठेवलेली. तिथे आजोबा पेंढ्याचा दोर वळत बसले होते. बारीक, ताठ माणूस. ‘बसा’ म्हणाले आणि पुन्हा दोरात डोकं घातलं. निखिलची आई सुनंदा माझ्यापेक्षा बरीच लहान. तिने माझा हात धरून मला आत नेलं.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा, मग कामाचं बोलणं, आणि बोलणं बरं झालं तर जेवण. इथे उलट. आधी जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांद्यावर परतलेली सुकट आणि वर भात. तांदळाची भाकरी आणि नंतर पुन्हा तांदूळच, याची मला गंमत वाटली, आणि एरवी मी ती बोलूनही दाखवली असती. पण आजोबा खाली मान घालून जेवत होते आणि ते बोलल्याखेरीज कुणी बोलत नव्हतं. भाकरी इतकी मऊ होती की ज्वारी खाणाऱ्या माझ्या हाताला ती तोडतानाही जपावं लागत होतं.

हात धुतल्यावर त्यांनी मला थेट विचारलं, “तुमचा मालक दरवडेच ना?”

मी हो म्हटलं.

“मंग आता आणखी काय बोलायचं राह्यलं?”

निखिलने तपासणीचं सांगितलं. सावकाश, साध्या शब्दांत, जसं मला सांगितलं होतं तसंच. आजोबा ऐकत होते. दोर वळायला त्यांनी पुन्हा हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

“थुंकीत आजा-पणजा दिसतो?” त्यांनी विचारलं.

“दिसतो, बाबा.”

“कोणाचा कोण, ता पण दिसतो?”

“नाय, नाव नाय दिसत. वेगळे आहेत एवढंच दिसतं.”

त्यांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले की उद्या धसईच्या पुढे मूळ गावी देवीला नवं दाखवायचं आहे, म्हणजे नव्या भाताचा नैवेद्य. सगळी दरवडे भावकी जमेल. पदाजी तात्या सगळ्यांत थोर, तो काय बोलेल ते खरं. तुम्हीही चला. तेवढं बोलून ते उठून खळ्याकडे गेले.

मला हे बरंच वाटलं. निदान दार बंद झालं नव्हतं. संध्याकाळी चुलीपाशी मी सुनंदाला तसं बोलले, तर ती भाकरी थापायची थांबली. इकडे तिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, एक इचारू? दोघं पण दरवडे, आणि रगत येगळं. मंग दोघांतल्या एका घरात कवा तरी कायतरी झालेलं असल ना?”

मी शाळामास्तरीण. मुलांना उदाहरणाची दुसरी बाजू बघायला शिकवत आले. आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पोरं एकमेकांची कुणी नाहीत, याच्या आनंदात आम्ही कुणीच पुढचा प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न आता आम्ही स्वतःच्या हाताने भावकीपुढे नेऊन ठेवणार होतो. सुनंदाने पीठ पुन्हा हातात घेतलं. तिला तिच्या घराची भीती वाटत होती की माझ्या, हे मी विचारलं नाही.

किन्हवलीच्या पुढे

सकाळी पाच जण निघालो. निखिल गाडी चालवत होता, शेजारी आजोबा, मागे आम्ही तिघी. आजोबांच्या अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि मांडीवर पिशवीत देवीचा नारळ. किन्हवली मागे टाकून सरळगावच्या दिशेने थोडं गेलो आणि मागचं चाक बसलं. निखिल जॅक लावायला वाकला, सुनंदा आणि स्नेहल सावलीला उभ्या राहिल्या आणि मी आणि आजोबा बांधावर टेकलो.

रस्ता जवळजवळ रिकामा होता. एक एसटी गेली, तिच्या मागे पेंढ्याने इतका भरलेला टेम्पो की चाकं तेवढी दिसत होती. आजोबांनी नारळ पिशवीतून काढून सदऱ्याने पुसला आणि पुन्हा आत ठेवला.

मला विचारलं, तुमच्या मालकाच्या आजाने गाव का सोडलं? मी खरं ते सांगितलं की मला माहीत नाही. भावाभावांत काही तरी झालं असं घरात अर्धवट ऐकलं होतं. मग बोलणं चालू राहावं म्हणून मी विचारलं की ते शेणव्याचेच की त्यांचे वडील इकडून गेलेले. ते म्हणाले, बापूस गेला, मूळ गावातून, शेणव्याला जमीन कसायला मिळाली म्हणून. “आणि आई कुठली?” मी सहज विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारणार होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प झाले. राग नव्हता त्या बघण्यात. शिक्षक वर्गात फिरायला लागला की पोर आपल्या वहीवर हात आडवा ठेवतं, तसं काहीसं होतं. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. म्हातारा माणूस, परक्या बाईने आईचं विचारलेलं आवडलं नसेल, एवढंच मी समजले.

चाक बसवून झालं. स्नेहल निखिलला पाण्याची बाटली द्यायला पुढे झाली, आजोबांनी मान वळवली आणि ती बाटली बॉनेटवर ठेवून मागे आली.

धसईच्या बाजारात

धसईला भाज्यांच्या पाट्या आणि तांदळाची पोती यांतून गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. सुनंदा म्हणाली, ताई, तुम्हाला पण नारळ लागेल, प्रत्येक घराचा एक असतो. मी उतरून घेतला. आमच्याकडच्या सवयीने स्वच्छ सोललेला, गुळगुळीत. सुनंदाने तो बघून कपाळाला हात लावला. देवीला शेंडीचा लागतो. परत गेले, शेंडीचा आणला. दुकानदाराने कुठले पाहुणे म्हणून विचारलं, मी मिरज सांगितलं आणि आडनावही सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे हितलेच की तुमी.”

एरवी हे वाक्य ऐकून मी घरी फोन केला असता. त्या दिवशी मात्र ते खड्यासारखं लागलं. हितलेच, हे कुणाला माहीत? काल संध्याकाळपासून मी मनातल्या मनात आमच्याकडच्या एकेका माणसाचा चेहरा तपासत होते. सासऱ्यांचं नाक, त्यांच्या वडिलांचा भिंतीवरचा फोटो. माझा नवरा गेला त्याला काही वर्षं झाली, त्याचा चेहराही मी असा कधी तपासला नव्हता.

देवीपाशी

गावाचं नाव लिहीत नाही. धसईहून डोंगराच्या अंगाला गेलं की रस्ता अरुंद होतो, समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तिच्यापुढे गोरखगडाचा सुळका. देवी गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जुन्या झाडांच्या दाटीत. या झाडांची काटकीही कुणी घरी नेत नाही. मूर्ती अशी नाहीच. शेंदराने माखलेला पाषाण, त्याला चांदीचे डोळे. पुढे ओटा, त्यावर पत्र्याची शेड, बाजूला मोठ्या टोपांत भात आणि आमटी शिजत होती. ओढा खालच्या दऱ्यात उतरताना दिसत होता, आणि सासरे सांगत होते ते खरं असावं असं मला वाटलं.

पदाजी तात्या थोराड अंगाचे, आवाज जाड. मी पाया पडले. त्यांनी विचारून घेतलं कोण, कुणाची सून, आणि मग मला ‘सूनबाई’ म्हणाले. दरवडे दऱ्यामुळे की दरोड्यामुळे हेही मी विचारलं. ते हसले. म्हणाले, दोन्ही खरं. दऱ्यात राहत होतो आणि वर घाटाला जाणाऱ्या बैलांना आडवे जात होतो. तेवढा एकच क्षण त्या सकाळी सैल होता.

मग नारळ मांडले. पाषाणापुढे एका ओळीत, मानाप्रमाणे. पहिला तात्यांचा. दुसरा शेणव्याचा, काळूराम आजोबांचा. तो ठेवताना ते वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. मग गावातली घरं आणि सगळ्यात शेवटी माझा. दोन पिढ्यांनंतर आमच्या घराचा नारळ तिथे लागत होता. लोकांनी त्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

नैवेद्य झाला. आजोबांनीच विषय काढला. तात्या, या बाईचं ऐक, म्हणाले. मी सांगितलं. पुढचं निखिलने सांगितलं. बोलता बोलता त्याचाही आवाज उतरत गेला, कारण समोरच्या चेहऱ्यांवर सुनंदाचा कालचा प्रश्न उमटायला लागला होता.

तात्यांचा एक पुतण्या, चाळिशीतला, कडेला उभा होता. तो म्हणाला, “म्हंजे दोघांतला एक दरवडे नाय.”

 टोपावरचं झाकण कुणी तरी काढून बाजूला ठेवलं, त्याचा आवाज तेवढा झाला.

पुतण्या पुढे म्हणाला, एकाचा नारळ दरवर्षी असतो, दुसऱ्याचं तोंड आज बघतोय. मग कुजबुज सुरू झाली. मिरजवाल्यांचा आजा गाव सोडून गेला तो का गेला? कुणी म्हणालं भावांनी हाकलला. मागून एका म्हातारीने सांगितलं की बायकोवरनं काही तरी होतं, असं तिने ऐकलेलं. बायकोवरनं. एकदा तो शब्द आल्यावर बाकीच्यांना आपोआप आठवायला लागलं.

ती बायको म्हणजे माझी आजेसासू. मी लग्न होऊन आले तेव्हा ती होती. शेवटच्या आजारपणात मी तिला आंघोळ घातली आहे, तिच्या तोंडात पेज घातली आहे. नवऱ्याचं नाव तिने मरेपर्यंत तोंडाने घेतलं नाही, विचारलं तर पदर ओढायची. त्या झाडांखाली, तिला कधीही न पाहिलेली माणसं तिच्याविषयी बोलत होती आणि मी तिची एकटी नातसून उभी होते. 

तेवढ्यात स्नेहल माझ्या अगदी जवळ आली. “आई,” ती ओठ न हलवता म्हणाली, “हो म्हण ना. त्या कधीच्या गेल्या. त्यांना काय होणार आहे?”

तिचं बरोबर होतं. मी मान हलवली असती, की गाव सोडलेलं घर दरवड्यांचं नव्हे हे ठरलं असतं, आणि लग्नाला कुणाची हरकत उरली नसती. मिरजेत कुणाला कळलंही नसतं. जिवंत मुलीच्या बाजूने बोलायचं की मेलेल्या बाईच्या, यात माझं मन किती वेळ अडकलं ते मला सांगता येणार नाही. पण खरं सांगते, मी तोंड उघडलं होतं. आणि मी ‘असेल’ म्हणणार होते.

“थांबा, बाई,” काळूराम आजोबा म्हणाले.

ते ओट्याच्या कडेला बसले होते. गुडघ्यावर हात देऊन उठले. टोपी काढली. निखिल धरायला पुढे झाला, त्याला हाताने मागे सारलं.

“त्यांचं घर नाय. ता मी हाय.”

कुणाला समजलं नाही. तात्या म्हणाले, बस काळू, ऊन लागलं तुला. पण ते बसले नाहीत. उभ्यानेच, देवीकडे तोंड करून, सगळं सांगितलं. त्यांची आई टोकावड्याच्या बाजूची. पहिला नवरा तापाने गेला तेव्हा तिच्या कडेवर हे होते. गावातल्या एका दरवड्याने तिच्याशी पाट लावला, म्हणजे विधवेशी दुसरं लग्न केलं. त्यात काही लाज नव्हती, तशी चाल होतीच. पण पोर दुसऱ्याचं आहे हे कुणी काढू नये म्हणून त्या माणसाने गावात पाऊलच ठेवलं नाही. दोघांना घेऊन थेट शेणव्याला गेला, आणि काही वर्षांनी देवीला आला तो मुलाला खांद्यावर बसवून, माझा मुलगा म्हणून. पुढे त्याला मुलीच झाल्या. काळूरामना आपल्या पहिल्या बापाचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की आईच्या कडेवरून ते कुणाच्या तरी खांद्यावर गेले आणि तिथून सगळं उंच दिसलं.

“पायरीवर उभा करून बापूस मला बोलला, देवीला नाव सांग. मी काळू सांगितलं. बोलला, पुरा सांग. ता मला येत नव्हता. त्यानं शिकवला.”

 सुनंदाने तोंडाला पदर लावला होता. निखिल आपल्या आजोबांकडे नवीन माणसाकडे बघावं तसा बघत होता.

मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमच्या घराला नाव जल्मापासून मिळाला. तुमी इसरला तरी चालता. मला दिलेला होता. मी नाय राखला तर दुसरा कोण राखणार? म्हणून पोरांच्या लग्नाला नाय बोललो.”

तात्या उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, “एवढी वर्षं माज्या बाजूला बसतोस. मला सांगितला नायस.”

“सांगितला असता,” आजोबा म्हणाले, “तर बाजूला बसलो असतो का?”

 तात्या मागे सरकून पाषाणाजवळ उभे राहिले.

पुतण्याने घसा खाकरला. आता तो नरमला होता, पण प्रश्न त्याने विचारलाच. दरवडे असाल तर पोरं भाऊबहीण, लग्न नाही. आणि लग्न करायचं तर तुमचं देवक वेगळं, मग ओळीत तुमचा नारळ कसा? दोन्ही कसं चालेल? तो दुष्टपणाने बोलत नव्हता. नियम तसाच होता, आणि हा नियम आजवर सगळ्यांत मोठ्याने आजोबाच सांगत आले होते.

“नाय चालत,” आजोबा म्हणाले.

ते पाषाणापुढे गेले, वाकले आणि ओळीतला दुसरा नारळ उचलला. तात्यांचा हात किंचित पुढे आला, मग खाली गेला. नारळ छातीशी धरून आजोबा ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि जिथे चपला काढलेल्या होत्या तिथे, बाहेरच्या माणसांत, जाऊन उभे राहिले. ओळीत त्यांच्या जागी मोकळी फट राहिली. कुणीच नारळ पुढे सरकवले नाहीत.

निखिल त्यांच्यापाशी धावला. मला ऐकू आलं, तो म्हणत होता की मला नको लग्न, बाबा, तुमी वर चला. आजोबांनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, खूप जोरात नव्हे, आणि म्हणाले, गप रे.

तात्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आडनाव बापाने खांद्यावर बसवून दिलं, ते काढून घेणारे आपण कोण. ते शेणव्याच्या घराचं राहील. देवक मात्र रक्ताचं, ते दरवड्यांचं नाही. लग्नात त्यांनी पंचपल्लव पुजावं, पाच झाडांची पानं, ती कुणालाही चालतात. मिरजेची पोर दरवड्यांची, ती शेणव्याला द्यायला हरकत नाही. सगळं ठरल्यासारखं झालं, ज्यासाठी मी एवढ्या लांब आले होते ते मिळालं, आणि मला चपलांपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघवेना. स्नेहल माझा हात घट्ट धरून होती. ती आता रडत नव्हती, हसतही नव्हती.

पंगत

जेवणाला पानं मांडली. भावकीची पंगत शेडमध्ये, तात्यांच्या दोन्ही हातांना. लोक आपापल्या जागी बसले. तात्यांच्या उजवीकडची जागा रिकामीच होती. आजोबा खालीच होते. सुनंदा मला हळूच म्हणाली, त्यांना घरी नेऊ का, ते आता खायचे नाहीत.

तात्या पानावरून उठले. त्यांनी आमटीची बादली उचलली, पुतण्याला भाताची परात घ्यायला लावली आणि ते पायऱ्या उतरले. झाडाखाली स्वतः पत्रावळ मांडली.

“व्याही,” ते म्हणाले, “बसा.”

आजोबांनी वर पाहिलं. लहानपणापासून ज्याने ‘काळू’ आणि ‘तू’ म्हटलं, त्याने त्यांना ‘बसा’ म्हटलं होतं. आमच्या मिरजेकडेही हीच रीत आहे आणि इथेही: मुलाकडचे पाहुणे आधी बसतात, मुलीकडच्यांनी वाढायचं, आणि ते घास घेईपर्यंत मुलीकडच्यांनी जेवायचं नाही. वर शेडमध्ये हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं. सगळी भावकी मुलीकडची होती. कुणी पानाला हात लावला नाही.

आजोबा खाली बसले. नारळ मांडीशी ठेवला. भात वाढला गेला, तात्यांनी त्यावर आमटी घातली आणि बादली हातात धरून तसेच वाकून उभे राहिले. आजोबांनी भात कालवला. खूप वेळ कालवत राहिले. घास काही उचलला जात नव्हता. शेवटी त्यांनी एक घास घेतला, चावला आणि गिळला.

“आमटीला मीठ कमी हाय,” ते म्हणाले.

तात्या सावकाश सरळ झाले. “वरपक्ष ना,” ते म्हणाले. “खोड काढणारच.” आणि पुतण्याला मीठ आणायला पाठवलं.

वर शेडमध्ये लोक जेवायला लागले. मीही बसले. ती आमटी मी दोनदा घेतली. मीठ अगदी बरोबर होतं.